केमोचा निर्णय संगणकावरील अंदाजावरून घ्यावा का? आईच्या स्तनाच्या कर्करोगाबाबत प्रश्न

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या आईचे वय ५८ वर्षे आहे. अठरा दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया करून तिच्या डाव्या स्तनातील गाठ काढली आणि त्याच वेळी काखेतील ग्रंथीही काढल्या. गेल्या शनिवारी अंतिम रिपोर्ट हातात आला. त्यातील मजकूर जसाच्या तसा देते: गाठीचा आकार २३ मिलिमीटर, ग्रेड २, काखेतील १४ ग्रंथींपैकी एकीत कर्करोगाच्या पेशी, ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, हर-टू २+, केआय-६७ वीस टक्के. (मला समजले ते असे: ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हॉर्मोनला प्रतिसाद देणारी गाठ, हर-टू हे पेशींवरील एक प्रथिन, आणि केआय-६७ म्हणजे पेशी किती वेगाने वाढत आहेत.) छातीचा आणि पोटाचा सीटी स्कॅन तसेच हाडांचा स्कॅन यांत काहीही आढळलेले नाही.

सोमवारी आम्ही कर्करोगतज्ज्ञांना भेटलो. त्यांनी संगणकावर ‘प्रेडिक्ट’ नावाचे संकेतस्थळ उघडले, आमच्यासमोर एकेक रकाना भरला आणि पडदा आमच्याकडे वळवला. केवळ शस्त्रक्रियेवर थांबल्यास अशा १०० स्त्रियांपैकी ७३ जणी दहा वर्षांनी हयात असतील, हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्यास त्यात आणखी चौघींची भर पडेल आणि केमोही घेतल्यास आणखी तिघींची, असे त्यावर दिसत होते. डॉक्टर म्हणाले, “माझा कल केमो द्यावी याकडे आहे, पण तुम्ही घरी जाऊन नीट विचार करा.” त्यांनी आम्हाला भरपूर वेळ दिला आणि त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

परत येताना रिक्षात आईने विचारले, “म्हणजे माझ्या अंगात तो पसरलाय की नाही, हे त्या यंत्राला कळलं का?” मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. वडील गेल्यापासून घर, शेताचा हिशेब आणि आजीचे सगळे करणे तिच्याच अंगावर आहे. केमोचे महिने ती कसे काढील याची मला धास्ती वाटते आणि केमो टाळून पुढे काही झाले तर काय, याची त्याहून जास्त.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही प्रणाली कर्करोग पसरेल की नाही हे खरोखर सांगते का? इंग्लंडमधील स्त्रियांच्या माहितीवर उभारलेला अंदाज सांगली जिल्ह्यातील एका बाईला कितपत लागू पडतो? आणि माझा मावसभाऊ ज्या जनुकांच्या चाचणीविषयी सांगतो आहे, तिच्यासाठी लाखांच्या घरातला खर्च करावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळी_शाई

ताई, मी डॉक्टर नाही. सात वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या डॉक्टरांनी मला त्याच संकेतस्थळावरील चित्र छापून दिले होते. त्यात छोट्या छोट्या आकृत्यांच्या दहा ओळी असतात, प्रत्येक ओळीत दहा, आणि उपचारानुसार त्यांचे रंग बदलतात. मी तो कागद रात्री पलंगावर घेऊन बसायचे आणि त्यातली मी कोणती, हे शोधत राहायचे. पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेऊन फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले की, हे चित्र एक निर्णय घेण्यापुरते आहे, निर्णय झाला की त्याचे काम संपले. त्यानंतर मला झोप लागू लागली.

आईंना आकडे दाखवायला हरकत नाही, पण तो कागद घरी कपाटावर चिकटवू नका. आणखी एक. केमो सुरू होण्याआधी दातांची तपासणी करून घ्या आणि साखर आटोक्यात आणण्यासाठी फिजिशियनना आताच भेटा. सोबत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे मधुमेहींची साखर फार वर जाते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या काकूंचे दोन डोस केवळ त्यामुळे पुढे ढकलावे लागले होते.

दुसरी_पाळी

मी कर्करोगतज्ज्ञ आहे आणि स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण रोज पाहतो. रुग्णाला न तपासता उपचार सांगता येत नाहीत, त्यामुळे पुढील मजकूर केवळ समजून घेण्यासाठी आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

तुमच्या आईंनी रिक्षात विचारलेला प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याचे सरळ उत्तर असे की, नाही, त्या यंत्राला ते कळलेले नाही. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही प्रणालीला शरीरात लपलेल्या पेशी दिसत नाहीत. स्कॅनमध्येही काही मिलिमीटरपेक्षा लहान पुंजके दिसत नाहीत, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी यकृतात किंवा हाडात अशा पेशी असतील तर त्या सगळ्यांना अदृश्यच राहतात. मग प्रणाली काय करते? अशीच गाठ असलेल्या हजारो स्त्रियांचे पुढे काय झाले याच्या नोंदी तिच्याजवळ असतात. तुमच्या आईंची गाठ त्या नोंदींत कोठे बसते हे ती पाहते आणि त्यावरून अंदाज बांधते. गावातील अनुभवी शेतकरी ढगांचा रंग, वारा आणि मागची वर्षे पाहून पावसाविषयी बोलतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. फरक एवढाच की येथे मागची वर्षे मोजून, लिहून आणि पुन्हा पुन्हा पडताळून ठेवलेली आहेत.

दुसरे म्हणजे, ‘पसरणे’ या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात आणि प्रत्येकासाठी साधन वेगळे आहे. पहिला प्रश्न असा की, रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे का. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्राने यासाठी नोमोग्राम तयार केले आहेत. गाठीचा आकार, जागा, प्रकार, रुग्णाचे वय अशी माहिती भरली की पहिल्या पहारेकरी ग्रंथीत, म्हणजे सेंटिनल नोडमध्ये, रोग असण्याची शक्यता ते टक्क्यांत सांगतात. तुमच्या बाबतीत ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न निकाली निघालेला आहे.

तुमच्या डॉक्टरांनी वापरलेली प्रणाली तिसऱ्या प्रश्नाची आहे, तो म्हणजे दहा वर्षांनी किती जणी हयात असतील. मी शिकत होतो तेव्हा आम्ही यासाठी ‘अ‍ॅडज्युव्हंट ऑनलाइन’ वापरत असू. अमेरिकेतील डॉ. पीटर रॅव्हडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास ते पुढे आणले होते. पुढे ते बंद पडले आणि त्याची जागा बहुतेक ठिकाणी ‘प्रेडिक्ट’ने घेतली. केंब्रिजच्या चमूने २०१० मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याचा पहिला पाया पूर्व इंग्लंडमध्ये १९९९ ते २००३ या काळात उपचार घेतलेल्या ५,६९४ स्त्रियांच्या नोंदींवर उभा होता. त्यात उत्तर हयातीविषयी मिळते, रोग कोठे पसरेल याविषयी नाही. हयातीच्या आकड्यात पसरण्याचा धोका अर्थातच अंतर्भूत असतो, कारण या रोगाने मृत्यू येतो तो जवळजवळ नेहमीच दूर पसरलेल्या रोगाने.

आता मधला प्रश्न, म्हणजे रोग फुफ्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या ठिकाणी परत येईल का. मावसभाऊ म्हणतात ती चाचणी याच प्रश्नाची आहे. ‘ऑन्कोटाइप डीएक्स’मध्ये काढलेल्या गाठीतील २१ जनुके किती सक्रिय आहेत हे मोजतात आणि सूत्राने त्याचा ० ते १०० मधील एक गुणांक काढतात. तिच्यावर आमचा विश्वास बसला तो दोन मोठ्या चाचण्यांमुळे. ‘टेलरएक्स’ या अभ्यासात १०,२७३ स्त्रियांची नोंद झाली आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काखेत रोग नसलेल्या, ११ ते २५ गुणांक असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांना केमो आणि गोळ्या, निम्म्यांना फक्त गोळ्या दिल्या होत्या. नऊ वर्षांनी दूरवर रोग न परतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९५.० आणि ९४.५ टक्के निघाले. हे आकडे पहिल्यांदा वाचले त्या दिवशी मला माझ्या आधीच्या कित्येक रुग्णांचे चेहरे आठवले, ज्यांना आम्ही खबरदारी म्हणून केमो दिली होती. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांकाच्या स्त्रियांना मात्र केमोचा काही फायदा दिसला होता.

तुमच्या आईंच्या काखेतील एका ग्रंथीत रोग आहे, म्हणून त्यांना ‘टेलरएक्स’ थेट लागू होत नाही. त्यांच्यासारख्यांसाठी ‘आरएक्सपॉन्डर’ हा अभ्यास झाला, ज्यात एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्या स्त्रिया होत्या आणि ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळी गेलेल्या आणि २५ पर्यंत गुणांक असलेल्या स्त्रियांना केमोचा अधिक लाभ त्यात आढळला नाही. पाळी सुरू असलेल्यांना तो आढळला. म्हणजे ५८ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या बाईंच्या बाबतीत ही चाचणी निर्णय खरोखर बदलू शकते. चाचणी करावी की नाही हे ठरवताना मी स्वतःला हेच विचारतो की, उत्तर काहीही आले तरी आपण तेच करणार आहोत का? तसे असेल तर रुग्णाचे पैसे वाचवावेत.

खर्च झेपत नसेल तर बंगळुरूमध्ये विकसित झालेल्या ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ या चाचणीविषयी डॉक्टरांना विचारा. तीत गाठीतील पाच प्रथिने रंगवून पाहतात, त्यांना आकार, ग्रेड आणि ग्रंथींची स्थिती यांची जोड देतात आणि मशीन लर्निंगवर आधारलेली प्रणाली पाच वर्षांत रोग दूरवर परतण्याचा धोका कमी आहे की जास्त हे सांगते. ती भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर घडवलेली आहे आणि किंमत बरीच कमी आहे. तिच्यामागे ‘टेलरएक्स’एवढा मोठा अभ्यास मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे. नेदरलँड्समधून आलेली ७० जनुकांची ‘मॅमाप्रिंट’ही आहे, पण आपल्याकडे ती कमी वापरली जाते.

या सर्व चाचण्या ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह गाठींसाठी आहेत, हे विसरू नये.

काचपट्टी

वरील डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर मला थांबायचे आहे. मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे आणि माझी चौतीस वर्षे सूक्ष्मदर्शकासमोर गेली.

कृष्णाकाठ, तुम्ही हर-टू २+ असे लिहिले आहे. ते निगेटिव्ह नाही आणि पॉझिटिव्हही नाही. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे रंगावरून ठरवता येत नाही. अशा वेळी त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, फिश नावाची चाचणी करून पेशीत हर-टू जनुकाच्या प्रती किती आहेत हे प्रत्यक्ष मोजावे लागते. तुमच्या संदेशात फिशचा उल्लेख नाही. पडद्यावर हर-टूच्या रकान्यात काय भरले होते, हे डॉक्टरांना आजच विचारा. फिश पॉझिटिव्ह आली तर आईंना ट्रॅस्टुझुमॅब हे वेगळे औषध लागेल, केमोविषयीचा विचार पूर्ण बदलेल, आणि जनुकांच्या ज्या चाचणीसाठी तुम्ही पैशांची जुळवाजुळव करत आहात तिचा प्रश्नच उरणार नाही. फिशला साधारण आठवडा लागतो. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत केमो सुरू करण्याची सर्वसाधारण पद्धत आहे, म्हणजे तुमच्याजवळ वेळ आहे.

लोक प्रणाली चांगली की वाईट याची चर्चा करतात, पण तिच्या पोटात जाणारी माहिती कोठून येते याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती माहिती आमच्या टेबलावर तयार होते. आकडा किती नाजूक असतो हे कागद-पेन्सिलीने दाखवतो. संगणक घरोघरी येण्याच्या आधी, १९८२ मध्ये, इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी एक साधे सूत्र दिले होते, जे आजही वापरले जाते. गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला ०.२ ने गुणायचे, त्यात ग्रेड मिळवायची आणि ग्रंथींचा टप्पा मिळवायचा. रोग एकाही ग्रंथीत नसेल तर १, एक ते तीन ग्रंथींत असेल तर २, त्याहून जास्त असेल तर ३. तुमच्या आईंसाठी २.३ गुणिले ०.२ म्हणजे ०.४६, अधिक २, अधिक २, एकूण ४.४६. ३.४ ते ५.४ हा मध्यम धोक्याचा गट, त्यात हे बसते. आता दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने तीच पट्टी, म्हणजे काचेवरील गाठीचा तोच पातळ काप, पाहून ग्रेड ३ म्हटली असे समजा. उत्तर ५.४६ येते, आणि बाई मध्यम गटातून थेट वाईट गटात जाते. गाठ तीच, बाई तीच.

असे होऊ शकते का? होते. ग्रेड ठरवताना आम्ही तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतो: पेशी नळ्यांसारख्या रचना किती करतात, केंद्रके किती बेढब आहेत आणि ठरावीक क्षेत्रात विभाजन पावणाऱ्या पेशी किती आहेत. बेरीज ६ किंवा ७ झाली तर ग्रेड २, आणि ८ किंवा ९ झाली तर ग्रेड ३. पट्टीचा जो भाग समोर येतो त्यात विभाजने दोन-चार जास्त मोजली गेली की सातचे आठ होतात. दोन प्रामाणिक, अनुभवी माणसांची मते येथे वेगळी पडू शकतात. केआय-६७ च्या बाबतीत तर आणखीच.

आणि हे सारे नमुना नीट आला असेल तर. एका तालुक्याच्या गावातून आलेला एक नमुना मी कधीही विसरणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली होती आणि बरणी आमच्याकडे सोमवारी दुपारी पोहोचली. प्लास्टिकच्या लहान बरणीत आख्खा स्तन कोंबलेला होता, गाठीवर चीर दिलेली नव्हती आणि नमुना टिकवणारे फॉर्मॅलिन जेमतेम तो बुडेल इतकेच होते. मी सुरी चालवली तेव्हा कडेचा अर्धा सेंटिमीटर भाग राखाडी आणि घट्ट झालेला होता, आतील भाग मऊ, लालसर, कच्च्या मांसासारखा. ईआरची पट्टी रंगवून आली तेव्हा कडेकडेने सगळी केंद्रके तपकिरी दिसत होती आणि मध्यभागी काहीच नव्हते. ज्या तुकड्यात फक्त मध्यभाग आला असता, त्याच्यावरून ईआर निगेटिव्ह असा रिपोर्ट गेला असता, आणि कोणत्याही प्रणालीत तो तसाच भरला गेला असता. सुदैवाने शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक शिल्लक होता. त्यावर पुन्हा तपासणी केली आणि ईआर ठळक पॉझिटिव्ह निघाली. त्या बाईंना हॉर्मोनच्या गोळ्या मिळाल्या. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत ती चिरून पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक सर्जनला स्वतः फोन करून सांगत आलो.

ग्रंथींच्या बाबतीत संगणकाची मदत मला मनापासून हवीशी वाटते, हेही नोंदवतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१६ साली ‘कॅमेलिऑन’ नावाची स्पर्धा घेतली, जिच्यात ग्रंथींच्या पट्ट्यांच्या डिजिटल प्रतिमांमध्ये कर्करोगाच्या पेशी शोधायच्या होत्या. कामाच्या दिवसात मिळतो तेवढाच वेळ दिलेल्या अकरा पॅथॉलॉजिस्टांपेक्षा सर्वोत्तम प्रणाली सरस ठरली, आणि वेळेचे बंधन नसलेल्या एका पॅथॉलॉजिस्टच्या ती बरोबरीची निघाली. त्या एका पॅथॉलॉजिस्टने १२९ प्रतिमांसाठी सुमारे तीस तास घेतले होते. आमच्याकडे ते तीस तास कोणाजवळ असतात? दोन मिलिमीटरहून लहान पुंजका चौदाव्या ग्रंथीच्या कोपऱ्यात असेल आणि घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले असतील, तर तो नजरेतून सुटू शकतो. तेथे न थकणारा एक जोडीदार असावा, असे मला वाटते.

शंका असेल तर ब्लॉक आणि पट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा दुसऱ्या कोणत्याही चांगल्या केंद्रात त्यांची फेरतपासणी करून घेता येते.

कृष्णाकाठ

काचपट्टी सर, तुमचे उत्तर वाचून मी ताबडतोब रिपोर्ट पुन्हा उघडला. हर-टूच्या ओळीखाली बारीक अक्षरांत ‘फिश चाचणीची शिफारस’ असे लिहिलेले आहे. ते आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करते. दरम्यान, इंग्लंडमधील आकडे आपल्याला कितपत लागू पडतात, याविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रमाणविचलन

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि वैद्यकीय संशोधकांना नमुन्यांच्या विश्लेषणात मदत करतो. या प्रश्नावर थोडे लिहितो.

अशा प्रणालीला दोन कसोट्या लावतात. पहिली, अधिक धोक्याच्या रुग्णाला ती कमी धोक्याच्या रुग्णाच्या वर ठेवते का, म्हणजे क्रम बरोबर लावते का. दुसरी, शंभरात ७३ असे ती म्हणते तेव्हा प्रत्यक्षात शंभरात ७३ च्या आसपासच जणी हयात राहतात का. पहिली कसोटी दुसऱ्या देशातही बहुधा टिकते, कारण मोठी गाठ आणि जास्त ग्रंथी सर्वत्र वाईटच. घसरण होते ती दुसऱ्या कसोटीत. स्त्रिया कोणत्या टप्प्यावर डॉक्टरकडे येतात, गोळ्या पाच वर्षे सलग घेतात की नाही, दुसऱ्या आजारांनी किती जणी दगावतात, हे सर्व त्या आकड्यात विरघळलेले असते आणि ते देशागणिक बदलते.

ज्या लोकांवर प्रणाली घडली त्यांच्यातही ती चुकू शकते. ‘प्रेडिक्ट’ची पहिली आवृत्ती चाळिशीच्या आतल्या स्त्रियांच्या बाबतीत मृत्यूचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवत होती, हे तिच्या निर्मात्यांनीच शोधले आणि २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केले. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी होतो, म्हणून तरुण रुग्णांच्या बाबतीत मी अशा आकड्यांकडे अधिक सावधपणे पाहीन. तुमच्या आईंचे वय ५८ आहे. त्या वयाच्या स्त्रिया मूळ नोंदींत भरपूर होत्या, म्हणून त्यांचा अंदाज तुलनेने भक्कम जमिनीवर आहे.

मला अधिक खटकते ते वेगळेच. तुमच्या संदेशात मधुमेहाचा उल्लेख आहे, पण ‘प्रेडिक्ट’मध्ये मधुमेहासाठी रकानाच नाही. वय, पाळी, गाठ, ग्रेड, ग्रंथी, ईआर, हर-टू, केआय-६७, गाठ तपासणी मोहिमेत सापडली की त्रास झाल्यावर, अशा गोष्टी ते विचारते. इतर आजारांमुळे होणारे मृत्यू ते त्या वयाच्या सर्वसाधारण स्त्रियांइतके धरते. जुन्या ‘अ‍ॅडज्युव्हंट ऑनलाइन’मध्ये इतर आजारांची निवड करण्याची सोय होती. ती जागा आता तुमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या विचाराने भरायची आहे, आणि ती भरली जावी यासाठी तुम्ही हा विषय काढला पाहिजे. मधुमेहामुळे केमोत जंतुसंसर्गाचा आणि पायांच्या नसांना इजा होण्याचा धोका वाढतो. शंभरातील तिघींचा लाभ त्या धोक्याशेजारी ठेवून पाहावा लागतो.

त्या तिघींविषयीही एक गोष्ट सांगतो. त्या आकड्याचा अर्थ असा की, शंभर जणींनी केमो घेतली तर दहा वर्षांनी त्या तिघी केमोमुळे हयात असतील. त्या कोण हे आधी किंवा नंतरही कोणालाच ओळखता येत नाही. ‘ऑन्कोटाइप’सारखी चाचणी हा गट लहान करते. ज्या बहुसंख्य स्त्रियांच्या गाठीला केमो लागणार नाही त्यांना ती बाजूला काढते, आणि उरलेल्यांमध्ये त्या तिघी दाटीने सापडतात. म्हणून फिशचा निकाल निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांचा कल अजूनही काठावर असेल, तर खर्चाचा विचार त्या टप्प्यावर करणे सयुक्तिक ठरेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी डॉक्टरांशी बोलणे झाले. हर-टूचा रकाना त्यांनी तात्पुरता निगेटिव्ह धरून भरला होता आणि फिशची चिठ्ठी पुढच्या भेटीत देणार होते. मी विचारले याचे त्यांना जरा आश्चर्य वाटले, पण त्यांनी लगेच प्रयोगशाळेत फोन करून ब्लॉक पाठवण्याची व्यवस्था केली. निकाल येत्या गुरुवारी मिळेल. तो निगेटिव्ह आला तर ‘कॅनअसिस्ट’ की ‘ऑन्कोटाइप’ यावर बोलू, असे ते म्हणाले. मधुमेहाविषयीही विचारले. त्यावर त्यांनी फिजिशियनच्या नावे चिठ्ठी दिली आहे आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला सांगितली आहे.

रात्री आईला सगळे समजावून सांगितले. त्या यंत्राला तिच्या अंगातले काही दिसत नाही, तिच्यासारख्या इतर बायकांचे काय झाले तेवढेच त्याला ठाऊक आहे, असे म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बरं झालं. मला वाटलं होतं, त्याला कळलंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय.” नंतर तिने फाइल मागितली, चष्मा लावून रिपोर्टचे पान काढले आणि हर-टूच्या ओळीसमोर शेताच्या हिशेबाच्या पेनने लिहिले, “फिश बाकी, गुरुवार.”

निकाल आला की इथे कळवते.